पांढऱ्या डागाची पाहणी

नोकरीत काय केलं असं कुणी विचारलं की मी सांगते, लोकांची तोंडं बघितली. ऐकणाऱ्याला वाटतं म्हातारी थट्टा करतेय. पण खरंच तेवढंच केलं. हातात बॅटरी, पिशवीत लाकडी पट्ट्या आणि दारोदार एकच आळवणी, "आ करा. अजून थोडं. जीभ वर." ज्या बायका नवऱ्यासमोरसुद्धा पदराआड हसायच्या, त्यांनी परक्या डॉक्टरसमोर जबडा वासायचा, हे काही सोपं काम नव्हतं. म्हणून तर मला घेतलं होतं. डॉक्टरांना तोंडाची माहिती होती, मला बायकांची. आणि मला दटावताही यायचं, ते डॉक्टरांना जमायचं नाही.

निजामाचं राज्य गेलं, मग आम्ही मुंबई राज्यात गेलो आणि शेवटी महाराष्ट्र झाला, त्यानंतरची ही गोष्ट. आमचा जिल्हा सरकारी कागदावर उस्मानाबाद आणि लोकांच्या बोलण्यात धाराशिव. माझे वडील तुळजापुरात शाळामास्तर. निजामाच्या अमलात त्यांनी उर्दूतून शिकवलं आणि पुढं तोच भूगोल मराठीतून. मी सोलापुरात नर्सिंग शिकायला गेले तेव्हा सगळ्या गोतावळ्यानं नाकं मुरडली. वडील तेवढे म्हणाले, "जा. पण अर्धवट सोडून येऊ नकोस." मुंबईच्या एका संशोधन संस्थेची जीप आमच्या भागात फिरायला लागली आणि त्यांना इथली नर्स हवी होती, तशी मी त्यात शिरले. मुख्य होते डॉक्टर कर्णिक, मुंबईचे, तिशीतले, सज्जन माणूस. कडक भाकरी चावायला ते आठवड्याभरात शिकले, पण आमच्याकडच्या 'बघू की' या उत्तराचा अर्थ त्यांना शेवटपर्यंत लागला नाही. जीप चालवायला नळदुर्गचे महबूबभाई.

काम काय होतं ते सांगते. आमच्याकडच्या बायका मिसरी लावतात. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची आणि बोटानं दातांना, हिरड्यांना घासायची. पुण्याकडं याला मशेरी म्हणतात. पुरुष नुसता तंबाखू चुन्याशी मळून गालात धरतात. वर्षानुवर्षं हे चाललं की कधी कधी गालाच्या आत एक पांढरा डाग उमटतो. तो दुखत नाही, खुपत नाही. बरेचसे डाग जन्मभर तसेच राहतात. काही मात्र बिघडतात आणि तिथं कॅन्सर होतो. कोणता डाग बिघडेल आणि किती काळात, हे तेव्हा नीटसं कुणालाच माहीत नव्हतं. म्हणून गावोगाव तोंडं बघायची, डाग दिसला की फोटो घेऊन टिपून ठेवायचा, शंका आली तर चिमट्यानं डाळीएवढा तुकडा काढून औषधाच्या बाटलीत घालून मुंबईला पाठवायचा. पुढच्या फेरीला पुन्हा तीच गावं, तीच तोंडं. उपचार आमच्याकडं नव्हते. रोग निघाला तर सोलापूरपर्यंत एसटी, तिथून रेल्वेनं मुंबई आणि तिथं महिना-दोन महिने शेक, म्हणजे रेडियमचे किरण.

तामलवाडीत एका शेतकऱ्यानं आम्हाला दारातच अडवलं. म्हणाला, "बैल घ्यायचा असला की आमी त्याचं तोंड बघतो. तुमी आमचं बघून काय घेनार?"

डॉक्टर म्हणाले, "घेणार काही नाही. माहिती गोळा करतोय."

"मंग देनार काय?"

यावर डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं आणि मी जीपकडं. शेवटी त्यालाच आमची दया आली. त्यानं तोंड उघडलं आणि वर गोठ्यातून बैलही सोडून आणला. "आलाच हाव तर याचंबी बघा. दोन दिस झाले वैरणीला तोंड लावंना." डॉक्टरांनी बघितलं तर बैलाच्या जिभेत बाभळीचा काटा. तो उपसला. त्या गावात आमच्या हातून बरा झालेला रोगी तेवढाच.

बायकांचं वय विचारणं हा एक वेगळाच खेळ होता. "वय किती?" "रझाकाराच्या दंग्यात थोरली पोटात व्हती." मग मी मनातल्या मनात हिशेब मांडायची. "मिसरी दिवसातनं किती वेळा लावता?" "लावू वाटंल तवा." सास्तूरला पहिल्यांदा गेलो तर सगळ्या बायकांची तोंडं काळीकुट्ट. विचारल्यावर कळलं, डॉक्टर तोंड बघणार म्हणून पहाटेच उठून साऱ्याजणींनी दोन-दोनदा मिसरी घासली होती. पाहुणा येणार म्हणून अंगण सारवावं तशी. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला आणि सगळ्यांना चुळा भरायला लावल्या. मी हसले त्या दिवशी. पुढं ते हसू आटत गेलं.

आता ज्या घरासाठी हे लिहायला बसले त्या घराकडं येते. लोहाऱ्यापासून गाडीवाटेनं आत एक गाव आहे. नाव सांगत नाही, त्या घरातली माणसं अजून तिथं नांदताहेत. घरात तात्या म्हणून म्हातारे कारभारी, त्यांची बायको भागाबाई, मुलगा दगडू आणि सून शेवंता. शेवंता पंचविशीच्या आतबाहेरची, कामाला वाघीण, बोलायला फटकळ. आमची गट्टी जमायला वेळ लागला नाही.

गावात सगळ्यांच्या आधी तात्यांनी तोंड उघडलं. मागं लाजत उभ्या असलेल्यांना म्हणाले, "आ करा की रं. काय लगीन जुळवायचं न्हाय तुमचं." त्यांच्या डाव्या गालात आतून केवढी तरी जखम होती आणि बाहेर सूज आली होती. जखम ठणकायची म्हणून ते तिथंच तंबाखूची गोळी दाबून धरायचे. तंबाखूनं जरा बधिर होतं, म्हणून तेच औषध. डॉक्टरांनी बघितलं आणि बाजूला येऊन मला हळूच म्हणाले, "सिस्टर, यात आता काही उरलेलं नाही." तरीही तुकडा घेतला, कारण तुकडा तपासल्याशिवाय कॅन्सर असं म्हणता येत नाही. सगळं गाव ओट्यासमोर जमलेलं. चिमटा लागला, थोडं रक्त आलं. तात्या थुंकले आणि म्हणाले, "मुंगी चावल्यावानी झालं."

त्याच दिवशी मागच्या दारी मी शेवंताचं तोंड बघितलं. उजव्या गालाच्या आत पांढरा डाग आणि त्याच्या एका कडेला लालसर पट्टा. हा लाल पट्टा वाईट. मी डॉक्टरांना बोलावून आणलं. ते म्हणाले, याचा तुकडा आजच घ्यायला हवा. अगदी सुरुवात आहे, मुंबईला नेली तर ही बाई नक्की बरी होईल.

भागाबाई मध्ये पडली. "एका दिशी एका घरातली दोन मानसं नगं. बरं नसतंय ते. पुढच्या येळंला घ्या."

आमच्याकडं असं पाळतात. एका घरातल्या दोघांना एका दिवशी टोचायचं नाही, कापायचं नाही. शेवंताही म्हणाली, "सासूबाईंचा शब्द मोडू नगा. म्या कुठं पळून चाललेय?" डॉक्टरांनी मान्य केलं. त्यांनाही काय करता येणार होतं म्हणा.

पुढच्या फेरीआधीच तात्या गेले. जाणारच होते, पण गावानं हिशेब वेगळा मांडला. नासूराला, म्हणजे चिघळत्या जखमेला, लोखंड लावू नये, लोखंड लागलं की तो पेटतो, ही समजूत तिथं जुनीच. तात्या चालत-बोलत होते, डॉक्टरनं चिमटा लावला आणि तात्या मेले. हे सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं. आमची जीप गावात शिरली तर पटापट दारं लागली. महबूबभाई म्हणाले, "बाई, आज तो कुत्ता बी भुकने कू नै आया."

भागाबाई दारातच बसली होती. मी जवळ गेले तशी म्हणाली, "मानूस खाल्लंत. आता सुनेचं तोंड मागताव व्हय?"

मी खाली बसून समजावलं. मावशी, तुमच्या मालकांचा रोग आधीपासूनच पसरला होता, चिमट्याचा दोष नाही. सुनेचा रोग लहान आहे, तो आत्ताच काढता येतो. घसा कोरडा पडेपर्यंत बोलले. ती मला म्हणाली, "तुमचं मानूस गेलं असतं म्हंजी कळलं असतं." मी उठून आले. माझं सगळं खरं होतं आणि त्याचा काडीचा उपयोग झाला नाही.

मग शेवंताच मला लोहाऱ्याच्या बाजारात भेटायला आली. जीप उभी होती तिथं, पाठीमागून. म्हणाली, "बाई, जिभेला खडबड लागतंय आता. पयल्यांदा न्हवतं." मी तिला जीपमध्ये बसवून बघितलं. डाग वाढला होता.

"मुंबईला चल, शेवंता."

"चलते की. सासूबाईंच्या ल्योकाला म्या बघून घेते." नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही म्हणून बिचारी कायम असलं काहीतरी उलटंसुलटं बोलायची, आणि मग स्वतःच हसायची. "पन चिमटा न्हाय लावून घ्यायची. तुमाला डोळ्यानं दिसतंय न्हवं? मंग सरळ शेक द्या."

डॉक्टर जीपच्या पुढच्या सीटवर बसले होते. ते म्हणाले, तुकड्याचा निकाल असल्याशिवाय मुंबईत शेक सुरूच करत नाहीत, आणि ते बरोबर आहे. नुसत्या अंदाजावर कुणाचा गाल जाळता येत नाही. मी तिच्याकडून बोलले, मग त्यांच्याकडून बोलले. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. मला रडू येईल असं वाटायला लागलं, आणि मी काही रडकी बाई नाही.

शेवंतानंच तोड काढली. पिशवीतल्या पट्ट्या तिला दिसल्या. "लाकूड चालंल मला. लोखंड तेवढं नगं."

डॉक्टरांनी एक पट्टी हातात घेऊन बघितली. डाग लाकडानं खरवडून, ती खरवड काचेवर घेऊन तपासायची रीत होती, पण तिच्यावर तेव्हा भरवसा कमी. तरी ते म्हणाले, काहीच न करण्यापेक्षा हे बरं. मी बॅटरी धरली, त्यांनी खरवडलं, काचा कागदात गुंडाळून मुंबईला पाठवल्या. आम्ही दोघं त्या दिवशी खुशीत होतो. वाटलं, जमलं आपल्याला, चिमट्याला बगल देऊन वाट निघाली.

मुंबईहून उत्तर यायला बरेच आठवडे गेले. खरवड पुरेशी नाही, त्यावरून काही सांगता येत नाही, तुकडा पाठवा. एवढंच. डॉक्टर हे सांगायला स्वतः त्यांच्या घरी गेले, मी बरोबर होते. त्यांनी सुरुवात केली, "यात काही सापडलं नाही." पुढं ते सांगणार होते की याचा अर्थ रोग नाही असा होत नाही, आणि त्यांनी ते सांगितलंही, दोनदा सांगितलं. पण पहिल्या वाक्यालाच भागाबाईनं हात जोडले आणि ती देवापुढं दिवा लावायला आत निघून गेली होती. दगडूनं डॉक्टरांचे पाय धरले. मी शेवंताला बाजूला घेऊन परत नीट सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. पण घरात तात्या गेल्यापासून पहिल्यांदाच कुणी हसलं होतं, आणि तिलाही त्या हसण्यात सामील व्हायचं होतं. मी तिच्या जागी असते तर मलाही व्हावंसं वाटलं असतं.

भागाबाईनं आई भवानीला नवस बोलला होता. तो फेडायला सगळं घर तुळजापूरला आलं. माझं माहेरच तिथं, तेव्हा मलाही जेवायला बोलावणं. त्यांच्या पुजाऱ्याच्या घरी पुरणाचा नैवेद्य झाला, देवीची ओटी भरली, आणि दुपारी पंगत बसली. शेवंता हिरव्या लुगड्यात, कपाळभर मळवट. माझ्या समोरच बसली होती. पोळी कटाच्या आमटीत भिजवून ती अगदी बारीक घास करत होती आणि सगळे डाव्या बाजूनं चावत होती. पाणी प्यायला तोंड उघडलं तेव्हा मी बघितलं, तोंड नीट उघडतच नव्हतं. 

जेवणानंतर तिला परसात नेलं. दोन बोटं कशीबशी तोंडात गेली. गाल आतून दगडासारखा लागला, आणि जबड्याखाली गाठ.

मी तशीच दगडूकडं गेले. म्हणाले, उद्याच्या उद्या मुंबईला निघायचं. चिमटा, सुरी, लागेल ते लावून घ्यायचं. आता नाही म्हणायचं नाही.

दगडू वाईट माणूस नव्हता. हात जोडून म्हणाला, "बाई, आज देवीच्या दारात असं अभद्र बोलू नगा. तिनं पदरात घेतलंय आमाला."

शेवंता एकदा त्याच्याकडं बघायची, एकदा माझ्याकडं. "सुगी झाली की येते, बाई. आईशप्पत येते."

मी चिडले. मोठ्यानं बोलले, पुजाऱ्याच्या घरातली माणसं बाहेर आली. देवीच्या गावात माझा जन्म गेला, पण त्या दिवशी मी देवीवरसुद्धा चिडले आणि आरतीला न थांबता घरी निघून आले.

सुगी झाल्यावर ती खरंच आली. शब्दाची पक्की होती. मी आणि दगडू तिला घेऊन मुंबईला गेलो. तिथं मोठ्या डॉक्टरांनी चिमट्यानं तुकडा घेतला. तिनं हूं की चूं केलं नाही. निकाल आला, आणि कर्णिक डॉक्टर मला व्हरांड्यात म्हणाले, हाडात गेलाय, मानेतही उतरलाय, शेक देऊन हाल तेवढे वाढतील, घरी न्या.

ती बाकावर बसून वाट बघत होती. "शेक कवापासनं?" तोंड आवळलेलं, त्यामुळं शब्द नीट फुटत नव्हते.

मी सांगितलं. सांगावंच लागलं.

तिनं पदराचा काठ नीट केला. मग म्हणाली, "तात्यांना लावला त्याच दिशी मलाबी चिमटा लावला असता, तर?"

"काय सांगावं, शेवंता," मी म्हणाले.

"म्हंजी जगले असते," ती म्हणाली. पुन्हा तिनं तो विषय काढला नाही.

पाहणीचं काम थांबत नव्हतं. नियमाप्रमाणं प्रत्येक फेरीला तिचं तोंड बघायचं, फोटो घ्यायचा, टिपून ठेवायचं. मला ते नको होतं. डॉक्टरांनाही नको होतं, हे मी शपथेवर सांगते. शेवंताच दर वेळी म्हणायची, "बघा. तेवढ्यासाठी आलाव न्हवं?" मग तिला बोलताही येईना तेव्हा ती नुसती बॅटरीकडं बोट दाखवायची. गावात आता दारं उघडी असायची. चिमटा न लावताही माणूस जातं हे त्यांनी बघितलं होतं, पण म्हणून कुणी चिमटा लावून घ्यायला पुढं आलं असं झालं नाही. भागाबाई मला चहा द्यायची आणि भिंतीकडं तोंड करून बसायची. एका फेरीला आम्ही गेलो तर घरासमोर माणसं बसली होती. जीप लांबच उभी करून आम्ही पायी आत गेलो.

त्यानंतर काही दिवसांनी मुंबईत मोठी बैठक झाली. कर्णिक डॉक्टर आमच्या पाहणीवर बोलणार होते, म्हणून मलाही नेलं. मोठं सभागृह, गार हवा, कुठून कुठून आलेले शास्त्रज्ञ, सगळं इंग्रजीत. दिवे मालवले आणि पडद्यावर शेवंताचा गाल आला. चेहरा नाही, नाव नाही, फक्त आतून गाल. आधी पांढरा डाग. त्याला लाल कड. मग तो वाढलेला. मग जखम. मग पुढचं. एकेक चित्र बदलत होतं आणि प्रत्येक वेळी मी कुठं उभी होते ते मला आठवत होतं. मागचं दार, लोहाऱ्याचा बाजार, ओटा.

डॉक्टर सांगत होते की एखादा डाग पहिल्यापासून शेवटपर्यंत असा नजरेखाली राहिलेला फारसा कुठं सापडत नाही. रोगी एक तर बरे होतात, नाही तर हातातून निसटतात. त्यांचा आवाज बारीक झाला होता. सभागृहात मात्र कुजबुज वाढली होती, लोक पुढं सरकून बघत होते. पुढच्या रांगेतले एक वयस्कर शास्त्रज्ञ उठले. म्हणाले, हे निरीक्षण फार मोलाचं आहे. पण एक खात्री हवी. मधल्या काळात रोग्याला कुठलाही उपचार मिळाला नाही ना? मिळाला असेल तर या चित्रांचा उपयोग नाही.

 डॉक्टरांनी अंधारातून मागच्या रांगेत मला शोधलं आणि मराठीत म्हणाले, "सिस्टर, प्रत्येक फेरीला तुम्ही होतात. तुम्हीच सांगा."

मी उठून उभी राहिले. सगळ्यांनी मागं वळून बघितलं.

"नाही," मी म्हणाले. "तिला काहीच उपचार मिळाला नाही."

डॉक्टरांनी ते इंग्रजीत सांगितलं. वयस्कर शास्त्रज्ञांनी माझ्याकडं बघून आभारासारखी मान झुकवली आणि ते खाली बसून लिहायला लागले.